मानकऱ्यांचा कोतवाल

सौंसरच्या बसस्टँडजवळ गौतमचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान कसलं, पत्र्याची एक खोली. पुढे काचेचं कपाट, त्यात कव्हरं आणि चार्जर, आणि मागे एक जुना कॉम्प्युटर, जो कधीच बंद होत नाही. त्या कॉम्प्युटरवर बसून आपण दोन तालुके चालवतो, असं गौतमचं मत होतं. खरं सांगायचं तर ते अगदीच खोटं नव्हतं.

त्याची आई यमुनाबाई जन्मभर लोकांच्या वावरात कापूस वेचत आली. गौतमने कॉलेज अर्ध्यावर सोडलं, नागपूरला एका दुकानात सोल्डरिंग शिकला, आणि बाकी सगळं व्हिडिओ पाहून पाहून. प्रोग्रॅम लिहिणंसुद्धा. इंग्रजी शब्द अंदाजाने लावायचा, चुकायचा, पुन्हा लिहायचा. "मी कोनाच्या क्लासले गेलो नाही," हे वाक्य तो प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचा. गिऱ्हाइकाने विचारलेलं नसलं तरी.

त्याने इंटरनेटवर एक कट्टा बांधला होता. त्याला तो सर्व्हर म्हणायचा, लोक 'गौतमभाऊचं घर' म्हणायचे. घरात खोल्या होत्या: संत्र्याच्या भावाची एक, बसच्या वेळांची एक, रक्त पाहिजे असेल तर एक, आणि नुसत्या गप्पांची एक. फोनवर काच बसवायला जो येईल त्याच्या फोनमध्ये गौतम हे घर उघडून द्यायचाच. असं करत करत सौंसर, लोधीखेडा, पांढुर्णा, सगळीकडची माणसं आत आली. माणसं आली म्हणजे भांडणं आली. म्हणून गौतमने एक कोतवाल बसवला.

कोतवाल म्हणजे माणूस नव्हे, प्रोग्रॅम. जुन्या कॉम्प्युटरवर दिवसरात्र जागा. तिरपी रेघ मारून 'गप' लिहायचं आणि पुढे नाव, की तो माणूस एक दिवस मुका. 'बाहेर' लिहायचं, की माणूस घराबाहेर. गप करताना कोतवाल गाजावाजा करत नसे, माणसाची इज्जत जाऊ नये म्हणून. पण बाहेर काढलं की दवंडी पिटायचा: 'गौतम यांच्या हुकमावरून अमुक यांना बाहेर काढण्यात आले.' ही दवंडी गौतमने हौसेने लिहिली होती. आपलं नाव असं छापून आलेलं पाहिलं की त्याला दुपारचा चहा गोड लागायचा.

हुकूम कोणाचा चालावा? सुरुवातीला घरात बिल्ला एकच होता, कारभाऱ्याचा, आणि तो फक्त गौतमच्या नावापुढे. म्हणून त्याने कोतवालाला सरळ शिकवलं होतं, ज्याच्या नावापुढे बिल्ला दिसेल त्याचं ऐक. त्या दिवशी ते बरोबर होतं.

पण आपल्याकडे मान दिल्याशिवाय लोक टिकत नाहीत. लग्नाच्या पंगतीत ज्याचा फेटा राहिला तो वर्षभर बोलत नाही. वर्षातून एकदा लोधीखेड्याला घराचा मेळावा भरायचा, तिथे गौतम शाल-नारळ वाटायचा. संत्र्याला चांगला बहार आला त्याला शाल. दोनदा रक्त दिलं त्याला शाल. वय झालं, काहीच केलं नाही, पण रुसेल, त्यालाही शाल. आणि घरी आल्यावर कट्ट्यावर त्याच्या नावापुढे केशरी बिल्ला लावायचा: मानकरी. नुसती शोभा, अधिकार काही नाही. असं गौतमला वाटत होतं.

सगळं बरं चाललं होतं. मग पांढुर्ण्याची रश्मी आली.

रश्मी नागपूरला कॉम्प्युटर शिकून परत आलेली, पांढुर्ण्यात एका खाजगी क्लासमध्ये शिकवायची. पांढुर्णा छिंदवाड्यातून फुटून नवा जिल्हा झाला होता. कोणतं काम अजून छिंदवाड्याला, कोणतं आता पांढुर्ण्याला, कोणाला पत्ता नव्हता. माणसं एका गावी जाऊन, हात हलवत दुसऱ्या गावी जात होती. रश्मीने विचारपूस करून कट्ट्यावर समजावून सांगायला सुरुवात केली. सोपं, चार ओळीत. लोकांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. "रश्मीताई, तुमी नसत्या तर माझी मजुरी बुडाली असती." "ताई, देव तुमचं भलं करो."

गौतमच्या घरात देव दुसऱ्याचं भलं करायला लागला. दिवसातून दहा वेळा तो तिचा मजकूर उघडायचा. शुद्धलेखन तपासायचा, चूक सापडत नाही म्हणून चिडायचा.

"काय पाहून राहिले एवढं?" बायकोने, तृप्तीने, काउंटरवरून विचारलं. रिचार्ज आणि कव्हरं ती पाहायची.

"काही नाही. पांढुर्ण्याचे लोक. जिल्हा भेटला त्याईले, त आता शिकवाले निघाले."

"लोकाईचं काम होऊन राहिलं ना?"

"होऊन राहिलं. पन घर कोनाचं हाय?"

"घर तुमचं. पोटात दुखून राहिलं तेबी तुमचंच," तृप्ती म्हणाली आणि गिऱ्हाइकाकडे वळली.

त्या वर्षी मेळाव्यात गौतमने सगळ्यांना शाली दिल्या, रश्मीला दिली नाही. 'राहून गेलं,' असं तो म्हणाला. राहून गेलं नव्हतं. शाल पिशवीत होती.

आता कवडूजींची गोष्ट. कवडूजी सौंसरचे, संत्र्याची बाग असलेले, थट्टेखोर. त्यांची मुलगी चंचल पांढुर्ण्याच्या मनोहररावांच्या घरी दिलेली. मनोहरराव कापसाचे जुने व्यापारी, आवाज मोठा. दोघे व्याही, दोघेही मानकरी, आणि व्याह्या-व्याह्यांची खेचाखेची आपल्याकडे लग्नाच्या मांडवापासून सुरू होते ती सरणापर्यंत चालते. एकदा मनोहरराव कट्ट्यावर पांढुर्ण्याच्या थोरवीवर फार लांब लिहीत होते. कवडूजींनी गौतमला कधीतरी हुकूम लिहिताना पाहिलं होतं. त्यांनी गंमत म्हणून तसंच लिहिलं: तिरपी रेघ, गप, मनोहरराव.

आणि मनोहरराव खरंच गप झाले. पुढे दिवसभर त्यांचं एक अक्षर उमटलं नाही.

कवडूजींना वाटलं, गौतमने मजा घेतली. गौतम त्या दिवशी गिऱ्हाइकाचा फोन खोलून दुरुस्त करत बसला होता, त्याचं लक्षच नव्हतं. मनोहररावांना वाटलं, नेट खराब आहे. ज्याला जे वाटायचं ते वाटलं. रश्मीला मात्र काहीतरी वेगळं वाटलं, आणि ती बसमध्ये बसून सौंसरला आली.

"गौतमभाऊ, जय भीम. दोन मिनिटं बोलू का?"

गौतमने मान वर केली. ही एवढीशी पोरगी! कट्ट्यावर केवढी मोठी वाटायची. "बोला ना, ताई."

"तुमच्या कोतवालात एक भोक हाय. म्हनून मी घरात नाही लिहिलं, तुमालेच सांगाले आली. कवडूकाकांनी व्याह्यांले गप केलं, तो हुकूम तुमी नव्हता दिला. बरोबर?"

"मी कायले देईन?"

"मंग तो चालला कसा? मले वाटते, कोतवाल एवढंच पाह्यते, याच्याजवळ बिल्ला हाय का. कोनता बिल्ला, हे विचारतच नाही. तुमी जेवढ्या शाली वाटल्या, तेवढ्या लोकाईच्या हातात काठी देऊन बसले. त्याईले मालूम नाही, हे नशीब."

तृप्ती काउंटरवरून ऐकत होती. गौतमला ते दिसलं, आणि त्याच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. हीच गोष्ट एखाद्या गिऱ्हाइकाने सांगितली असती तर त्याने त्याला चहा पाजला असता.

"ताई, कोतवाल मी लिहिला. व्हिडिओ पाहून पाहून, भर उन्हाळ्यात, पंखा नसताना. तुमी क्लासमध्ये शिकल्या. तुमाले भोकंच दिसनार."

"भाऊ, एका ओळीचं काम हाय."

"जिल्हा नेला तुमी. आता कोतवालबी न्या पांढुर्ण्याले."

रश्मी दाराकडे वळली. मग म्हणाली, "मी जिल्हा नाही नेला, भाऊ. मी एक नंबरच्या सीटवर बसून उलटी करत आली इथपर्यंत." आणि निघून गेली.

ती गेल्यावर गौतमने प्रोग्रॅम उघडला. तिचं म्हणणं खरं होतं. अगदी ती म्हणाली तसं, त्याच ओळीत. दुरुस्त करायला चहा थंड होण्याइतकाही वेळ लागला नसता. त्याने बोट कीबोर्डवर ठेवलं आणि त्याला दिसलं की आपण आता जे लिहिणार ते तिने सांगितलेलं आहे. बोट उचललं. उद्या करू, म्हणाला. आपल्या मनाने करू.

उद्या आला, आणि मनोहररावांनी गप्पांच्या खोलीत लिहिलं: 'रश्मीबाई एवढं काम करून राहिली. तिला कारभारी करा. गौतमभाऊवर बोजा किती टाकायचा?' खाली होकारांची रांग लागली. पांढुर्ण्याचे होतेच, सौंसरचेही होते. लोधीखेड्याच्या एकाने तर लिहिलं, 'शिकलेलं माणूस बरं.'

शिकलेलं माणूस बरं! गौतमच्या छातीत काहीतरी तापलेलं फिरत राहिलं. जेवला नाही. यमुनाबाईंनी ताट झाकून ठेवलं.

स्वतः हुकूम देऊन रश्मीला काढलं असतं तर दवंडीत त्याचंच नाव आलं असतं, लोकांनी तोंडावर थुंकलं असतं. आणि बिल्ला तर कोतवाल विचारतच नव्हता, कोणता म्हणून.

कवडूजी फोनचं चार्जिंग होत नाही म्हणून दुकानात आले होते. गौतमने पिनमधली माती काढली, फोन हातात दिला आणि सहज बोलल्यासारखा बोलला.

"काकाजी, तुमचा हुकूम चालते बरं का घरात. त्या दिवशी व्याह्याले गप केलं ते तुमीच."

"अबे काय सांगतो!" कवडूजी खुलले. "मी समजलो तू केलं."

"आता एक गंमत करा. 'बाहेर' लिहा आन् पुढे रश्मीचं नाव."

"पोरीले काहून बे? चांगलं करते ते."

"गंमत जी. पाच मिनिटात परत घेऊ. तिले बी कळू द्या, सौंसरात मानकरी कोन हाय."

सौंसरचं नाव काढलं की कवडूजींचं डोकं बंद व्हायचं. त्यांनी एका बोटाने, अक्षर शोधत शोधत लिहिलं. तृप्ती तेव्हा दुकानात नव्हती. असती तर ही गोष्ट इथेच संपली असती.

कोतवालाने दवंडी पिटली: 'कवडूजी यांच्या हुकमावरून रश्मी यांना बाहेर काढण्यात आले.'

ईर्षेच्या भरात गौतमच्या ध्यानातच आलं नाही, की कवडूजींचा हुकूम चालतो हे आता सगळ्या घराला कळलं. पांढुर्ण्यात मनोहररावांनी दवंडी वाचली. दोनदा वाचली. मग त्यांना तो मुका दिवस आठवला. म्हणजे नेट खराब नव्हतं! व्याह्याने आपलं तोंड बांधलं होतं, भर चौकात, आणि आता आपल्या गावच्या पोरीला हाकललं. त्यांच्याही नावापुढे केशरी बिल्ला होताच. त्यांनी लिहिलं. 'मनोहरराव यांच्या हुकमावरून कवडूजी यांना बाहेर काढण्यात आले.'

"अबे गौतम, मी दिसून नाही राहिलो घरात!" कवडूजी दुकानातच ओरडले.

त्यानंतर जे झालं ते पाहण्यासारखं होतं. ज्याच्या ज्याच्याकडे केशरी बिल्ला, त्याने त्याने हुकूम चालवून पाहिला. सौंसरच्या एकाने पांढुर्ण्याचा एक काढला. पांढुर्ण्याच्याने सौंसरचे दोन काढले. एकाने साडूला काढलं, ज्याचा या भांडणाशी संबंध नव्हता, पण शेताच्या धुऱ्याचा, बांधाचा वाद जुना होता. लोधीखेड्याच्या गुरुजींनी दोन्हीकडचे काढले, निःपक्षपाती म्हणून. दवंडीवर दवंडी. कोतवाल बिचारा इमानदार, ज्याचा बिल्ला दिसेल त्याचं ऐकत होता.

कॉम्प्युटर गौतमच्या हाताजवळ होता. बटण दाबलं की कोतवाल झोपला असता. पण पहिल्यांदा जे बाहेर पडले ते रश्मीला होकार देणारे होते, आणि प्रत्येक दवंडीबरोबर गौतमच्या पोटात थंडगार काहीतरी उतरत होतं. हा गेला? बरं झालं. 'शिकलेलं माणूस बरं'वाला गेला? लय बरं झालं. अजून दोन जाऊ दे, मग बंद करतो.

तृप्ती परत आली तेव्हा तो हसत होता.

"काय चाललं हे?" तिने त्याच्या खांद्यावरून पाहिलं. तिला समजायला वेळ लागला नाही. तिने वाकून भिंतीतला प्लग ओढला.

घरात फार थोडी माणसं उरली होती. काही फोन न पाहणारी, काही परगावी गेलेली. आणि गौतम. त्याला कोणी काढू शकत नव्हतं, तो मालक होता. भावाच्या खोलीत भाव नव्हता, बसच्या खोलीत बस नव्हती. रक्ताच्या खोलीत एकाने लिहिलं होतं, 'कोणी आहे का?' आणि खाली उत्तर नव्हतं.

गौतमने ताबडतोब त्या माणसाला फोन लावला. त्याला नागपूरलाच रक्त मिळालं होतं, चिंता नव्हती. 

"आता तुमच्यावर कोनी नाही," तृप्ती म्हणाली. "बसा."

दोन दिवसांत पांढुर्ण्यात नवं घर उभं राहिलं. रश्मीने बांधलं, मनोहररावांनी लोकांना बोलावलं. सौंसरचेही गेले. का नाही जाणार? भाव पाहिजे, बस पाहिजे. गौतमला कोणी बोलावलं नाही. तो गिऱ्हाइकांच्या फोनवर काच बसवता बसवता त्यांच्या फोनमध्ये ते घर पाहायचा. तिथल्या खोल्या त्याच्या खोल्यांसारख्याच होत्या. हे त्याला सगळ्यात जास्त लागलं.

मग कवडूजी आले. या वेळी थट्टा नव्हती.

"चंचलचा फोन आला होता," ते स्टुलावर बसत म्हणाले. "व्याही म्हनते, नातवाच्या वाढदिवसाले सौंसरचं कोनी यायचं नाही. पोरगी रडून राहिली. मी फोन केला त उचलत नाही. गंमत होती म्हनलं त ऐकते कोन?"

गौतम कपाटाची काच पुसायला लागला.

"तूच लिहाले लावलं ना बे मले? तू सांग व्याह्याले."

"काकाजी, मी सांगितलं त..." गौतम थांबला. सांगितलं तर सगळं सांगावं लागणार होतं. भोक माहीत होतं हे. तिने सांगितलं होतं हे. शालसुद्धा. दोन तालुक्यांत कोतवालवाला म्हणून जे काही नाव होतं, ते एका ओसरीवर बसून पुसावं लागणार होतं. आणि तेही तिच्यासमोर.

"मी काय करू मंग?" कवडूजींनी विचारलं. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती. गौतमने त्यांना कधी बोडक्याने पाहिलं नव्हतं.

"चला," तो म्हणाला. "बस भेटते आता."

पांढुर्ण्याला मनोहररावांनी दारात व्याह्याला पाहिलं आणि तोंड फिरवलं. पण घरी आलेल्या माणसाला पाणी द्यावंच लागतं. चंचल पाणी घेऊन आली. गौतमने ग्लास हातातच धरला.

"मनोहरकाका, रश्मीताईले बोलवा. एकदाच सांगतो, दोनदा सांगनं जमनार नाही माह्याच्यानं."

रश्मी दोन गल्ल्या पलीकडेच राहायची. ती आली, खांबाला टेकून उभी राहिली. गौतमने सांगितलं. बिल्ल्याचं, भोकाचं, कवडूजींच्या हाताने लिहून घेतल्याचं. मधे मनोहररावांनी "म्हंजे तू..." म्हणून तोंड उघडलं, पण तो थांबला नाही. थांबला असता तर पुन्हा सुरू झाला नसता.

"मी तुमाले आधीच सांगितलं होतं ना," रश्मी म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "मंग काहून नाही केलं, भाऊ?"

"जळून राहिलो होतो, ताई. तुमच्यावर. लोक तुमचं नाव घेत होते."

 मग कवडूजी व्याह्याला म्हणाले, "आता त पटलं का? हुकूम माहा होता, पन डोक्स याचं होतं."

"तुमचं डोक्स कुठी होतं, व्याही?"

"तुमच्याच पोराले पोरगी दिली तवाच गेलं ते."

मनोहररावांना हसू दाबता आलं नाही. "चंचल, तुह्या बापाले चहा टाक. साखर कमी टाकजो, आधीच जिभेले लय चढली हाय." आणि मग गौतमकडे पाहून, हसू पुसून म्हणाले, "तुह्यावर माहा राग हाय. तो राहीन."

"राहू द्या, काका," गौतम म्हणाला.

रश्मी घरी जाऊन लॅपटॉप घेऊन आली. तिने तो त्याच्यासमोर ठेवला. "नवा कोतवाल मी लिहिला. तुमी पाहा. माह्या चुका माह्याच डोळ्याले दिसत नाही. आन् तुमच्याएवढ्या बारकाईनं इथी दुसरं कोनी पाहनार नाही."

ती टोमणा मारत होती की खरं बोलत होती, हे गौतमला कळलं नाही. त्याने वाचायला घेतलं. ओळ न ओळ, डोळे बारीक करून. बिल्ला कोणता, हे ती विचारत होती. हुकूम कोणत्या खोलीतून आला, हेही. ज्याला काढायचं तो काढणाऱ्यापेक्षा मोठा तर नाही, हेही तिने विचारलं होतं, आणि हे त्याला सुचलंच नव्हतं. तो पुन्हा वरून खाली आला. एक तरी चूक सापडावी. एक लहानशी. चहा आला, साय धरली. छातीतली ती जळजळ तशीच होती, बसमध्ये होती तशी, मेळाव्यात होती तशी. ती कमी झाली नव्हती.

सगळे त्याच्या तोंडाकडे पाहत होते.

"काही सापडलं?" रश्मीने विचारलं.

खोटं सांगणं सोपं होतं. इथे कोणाला काय कळणार होतं?

"नाही," गौतम म्हणाला. "बरोबर हाय. माह्यापेक्षा चांगला हाय." मग खिशातून स्वतःचा फोन काढला आणि तिच्यापुढे धरला. "मले आत घ्या, ताई."